मागे घेतलेलं विधेयक

"हे कलम काढून टाक," लीलाताई म्हणाल्या.

मी चहाचा कप खाली ठेवला. मे महिना होता. बेलपेठ्याला ताईंच्या घराच्या ओसरीवर आम्ही सकाळीच बसलो होतो, ऊन डोक्यावर यायच्या आत मसुदा हातावेगळा करायचा म्हणून. ज्या कलमावर त्यांनी बोट ठेवलं होतं, त्याच्यासाठी मी नागपूरच्या ग्रंथालयात बसून डोळे फोडले होते.

"ताई, हेच तर कलम आहे. हे काढलं तर विधेयकात उरतं काय?"

"उरते ते राहू दे."

"उरतं ते सगळं आजच्या कायद्यात कुठे ना कुठे आहेच. मंत्री उभे राहतील आणि म्हणतील, यात नवीन काय आहे? हे तर कायद्यात आधीपासून आहे. झालं, संपलं."

"म्हणू दे ना बाप्पा. त्याच्या तोंडाले आपण कुलूप लावतो का?" असं म्हणून त्यांनी माझ्याच हातातला पेन घेतला आणि कलमावर सरळ रेघ ओढली. वह्या तपासताना मारतात तशी.

ताई मुळात शिक्षिका. बेलपेठ्याच्या शाळेत त्यांनी अर्ध्या तालुक्याला बाराखडी शिकवली, मग निवडणुकीला अपक्ष उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. ही त्यांची आमदारकीची दुसरी खेप होती. लीला कोडापे हे नाव मुंबईत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. पक्ष नाही, गट नाही. सभागृहात शेवटच्या रांगेत त्यांचं बाक. मला वकिलीची सनद मिळून वर्ष झालं नव्हतं. वडिलांच्या ओळखीने मी त्यांच्याकडे मदतीला गेले आणि राहिले.

बेलपेठ्याच्या मागच्या डोंगरात पांढरीशुभ्र गारगोटी निघते. ती फोडून, दळून तिची भुकटी करतात आणि ती काचेच्या, फरशीच्या कारखान्यांना जाते. गावाच्या वेशीपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत अशा पावडर गिरण्या होत्या. संध्याकाळी सुट्टी झाली की रस्त्याने माणसं यायची ती भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढरी. बाया तोंडाला पदर बांधत, पुरुष दुपट्टा. त्या फडक्याने काय अडतंय? चाळिशीच्या आत माणूस धापा टाकायला लागायचा. तालुक्याच्या दवाखान्यात टीबी म्हणून लिहायचे, गोळ्या द्यायचे. गोळ्या संपायच्या आणि मग माणूस संपायचा.

मी मारोती नैतामला पहिल्यांदा भेटले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. त्याला आडवं झोपता येत नव्हतं. त्याची बायको शेवंता त्याच्या पाठीला उशी लावत होती. तीही गिरणीतच जायची.

"वकीलबाई," तो म्हणाला आणि थांबला. दम खाल्ला. "मले टीबी नाई. टीबी असती... तं गोळ्यानं गेली असती. माह्या छातीत गिरणी हाय."

नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे पाहून तेच सांगितलं होतं. फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे, ती निघत नाही, वाढत जाते. सिलिकोसिस. कामामुळे होणारा रोग म्हणून भरपाईच्या कायद्यात त्याचं नावही आहे. मला वाटलं, मग प्रश्न काय? अर्ज करायचा.

प्रश्न जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होता. तिथले अधिकारी ढवळे. गृहस्थ वाईट नव्हते, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवला.

"मॅडम, तो कायदाच या गिरण्यांना लागू नाही, तर मी काय करू?" ते म्हणाले. "प्रत्येक गिरणीत माणसं किती? चार नाही तर पाच. तीसुद्धा मालकाची नाहीत, ठेकेदाराची. कारखाना म्हणून नोंद होत नाही."

"एकाच आवारात, एकाच मालकाच्या दहा गिरण्या आहेत," मी म्हणाले. "दहा जणांच्या नावावर दाखवल्या म्हणून वेगळ्या झाल्या का?"

"तुम्ही म्हणता ते पटते मला. पण लागू नाही. हवं तर लेखी देतो."

त्यांनी खरंच लेखी दिलं. हेच कारण देऊन त्या कार्यालयाने मारोतीचा आणि त्याच्या आधीच्या सगळ्यांचा दावा दारातूनच परत पाठवला होता.

म्हणून मी ते कलम घातलं होतं. एका आवारातल्या साऱ्या गिरण्या मिळून एक कारखाना समजावा, मजूर कोणाचाही असो. ढवळेंच्या तोंडावर मारता येईल असं ते कलम होतं आणि ताईंनी तेच खोडलं. मी दोन दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलले. मसुदा मात्र त्या म्हणाल्या तसाच गेला.

पावसाळी अधिवेशनात मुंबईला विधेयक मांडलं गेलं आणि चर्चेसाठी सोडतीत त्याची चिठ्ठी निघाली ती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात.

डिसेंबरचं नागपूर. रस्तोरस्ती मोर्चे, चौकाचौकात पोलीस, आमदार निवासाच्या फाटकाबाहेर तर्री-पोह्यांच्या गाड्यांभोवती गर्दी. सकाळी आठपासून मी त्या गर्दीत आमदार शोधत हिंडायचे. हातात विधेयकाच्या प्रती, गळ्यात मफलर. सगळे चांगलं बोलायचे. "फार महत्त्वाचा विषय." "लीलाताईंना सांगा, आमचा पाठिंबा आहे." विरोधी बाकावरच्या एका जुन्या आमदारांनी तेवढं खरं सांगितलं.

"मुली, साध्या आमदाराचं अशासकीय विधेयक म्हणजे शुक्रवारची दुपार. निम्मे लोक गाडी पकडायला गेलेले असतात. राहतात ते पेंगतात. मंत्री उत्तर देतो, सदस्य आभार मानतो, विधेयक मागे घेतो आणि सगळे घरी जातात. मी चार मांडली. चारही मागे घेतली."

"आम्ही घेणार नाही," मी म्हणाले. "आम्ही मतदान मागणार."

ते हसले नाहीत. पोह्यांची बशी त्यांनी खाली ठेवली. "खरंच मागणार?"

"हो."

"मग मी थांबतो. आमच्या बाकीच्यांनाही थांबवतो. एकदा तरी बघू, कोण कुठे बसतो ते."

ती बातमी दुपारपर्यंत विधानभवनात पसरली. सत्ताधारी पक्षातले विदर्भातले काही आमदार अस्वस्थ झाले. त्यांच्याही मतदारसंघात खाणी होत्या, गिरण्या होत्या. मजुरांच्या विरोधात हात वर केला हे छापून यायला नको होतं आणि सरकारच्या विरोधात तर करता येत नव्हता. दुसऱ्याच दिवशी कामगारमंत्री शिंत्रे यांचे खाजगी सचिव फणसे मला उपाहारगृहात भेटले. भेटले म्हणजे माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसले.

"रामटेके मॅडम ना? करुणा रामटेके? बिल तुम्हीच ड्राफ्ट केलंय म्हणे. छान आहे." चहा मागवून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "तुमच्या ताईंना नेमकं काय हवंय?"

"मतदान."

"ते झालंच. पण मनातून? साहेब एखादी समिती नेमायला तयार आहेत. ताईंनाच अध्यक्ष करू."

"ताई समिती घेणार नाहीत. आम्हाला कायदा हवाय. नाहीतर सभागृहात उभं राहून नाही म्हणा."

माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. फणसेंनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि चहा न पिताच उठले. संध्याकाळी मी ताईंना सगळं सांगितलं. त्या खोलीत मोजे दोरीवर वाळत घालत होत्या.

"बरोबर बोलली," त्या म्हणाल्या. "पुन्हा विचारलं तं याच्याहून जोरात सांग."

शुक्रवारी सकाळी बेलपेठ्याहून बाया आल्या. शेवंता, तिच्या शेजारची कुसुम आणि आणखी सात-आठ जणी. नवी लुगडी नेसून, भाकरी बांधून. मारोतीला आणता येण्यासारखं नव्हतं. प्रेक्षक गॅलरीचे पास काढून मी त्यांना वर नेलं. आत बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पायावर पाय टाकून बसायचं नाही, असं पहारेकऱ्याने बजावलं तेव्हा कुसुम म्हणाली, "आमी शाळेत बसलो नाई कधी, आज बसतो."

खाली सभागृह अर्धं रिकामं होतं, पण विरोधी बाकांवर माणसं होती. जुने आमदार शब्दाला जागले होते.

ताई उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे कागद नव्हता.

"अध्यक्ष महोदय, मारोती नैताम हा माझा विद्यार्थी. चौथीत होता तेव्हा गावच्या तलावात बुडी मारायचा, आणि काठावरची पोरं घाबरून रडायला लागेपर्यंत वर यायचा नाही. मी छडी घेऊन काठावर उभी राहायची. एवढा दम होता त्याच्या छातीत. आज तो एक वाक्य दोन दमांत बोलतो. त्याचं वय अडतीस आहे."

शेवंताने माझा हात धरला. तिचा तळवा खरखरीत होता आणि गार.

ताई फार वेळ बोलल्या नाहीत. गिरण्या कशा चालतात, माणसं कशी मरतात, एवढं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "या माणसांना कायदाच नाही. म्हणून मी हा कायदा मागते, आणि त्यावर मतदान मागते."

मग मंत्री शिंत्रे उठले. माणूस बोलण्यात तरबेज. एकदा सुरुवात केली की सभागृह रंगवायचे. ताईंच्या तळमळीचं त्यांनी कौतुक केलं, मारोतीबद्दल हळहळ व्यक्त केली आणि मग मुद्द्यावर आले.

"परंतु अध्यक्ष महोदय, कायदाच नाही, हे म्हणणं मला मान्य नाही. हा रोग आजच्या भरपाईच्या कायद्यात नमूद आहे. गिरणीत चार माणसं असोत की चाळीस, मजूर मालकाचा असो की ठेकेदाराचा, त्याला भरपाई मागण्याचा हक्क आजही आहे. या विधेयकात एक तरी गोष्ट नवीन आहे का? मी शोधली, मला सापडली नाही. अंगात सदरा असताना वरून दुसरा सदरा घालायचा कशासाठी?"

बाकांवर हशा पिकला. माझे कान तापले. मी मे महिन्यात हेच सांगितलं होतं. अगदी हेच. ते एक कलम असतं तर ह्या माणसाला असा एक शब्द बोलता आला नसता.

"मंत्रिमहोदयांकडून एक खुलासा हवा," ताई म्हणाल्या.

"विचारा."

"बेलपेठ्याच्या पावडर गिरण्यांना, माणसं कितीही असोत, भरपाईचा कायदा आज लागू आहे. मी बरोबर ऐकलं ना?"

"अगदी बरोबर."

"ठेकेदाराच्या मजुरालाही?"

"त्यालाही."

"म्हणजे जिल्ह्याचे कामगार अधिकारी तो लागू नाही असं सांगतात, लेखी देतात, ते चूक आहे."

शिंत्रे काहीतरी बोलणार होते आणि थांबले. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत चुळबुळ झाली. कोणीतरी घाईघाईने चिठ्ठी लिहिली, पट्टेवाल्याने ती मंत्र्यांच्या हातात नेऊन दिली. त्यांनी ती वाचली. त्यांनी एकदा मागे वळून आपल्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग समोर, जिथे जुने आमदार आणि त्यांची माणसं हाताची घडी घालून बसली होती. अधिकारी बरोबर म्हणावेत, तर कायदा नाही हे कबूल केल्यासारखं होत होतं आणि मग ताईंच्या विधेयकाला नाही म्हणायला कारणच उरत नव्हतं. मतदान तर डोक्यावर टांगलेलं.

त्यांनी चिठ्ठी दुमडून खिशात घातली.

"कोणी तसं सांगत असेल, तर ते चूक आहे."

"हे सभागृहाला दिलेलं आश्वासन समजू ना, अध्यक्ष महोदय?"

मग शिंत्रे म्हणाले, "समजा."

"मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेतानासारखा सपाट झाला, "मी माझं विधेयक मागे घेते."

मी उठून उभी राहिले. पहारेकऱ्याने खांद्याला हात लावून मला खाली बसवलं. अध्यक्षांनी विचारलं, विधेयक मागे घेण्यास सभागृहाची अनुमती आहे काय? खालून आवाज आला, आहे, आहे. संपलं. दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या पुलाचा विषय सुरू झाला.

"का झालं?" शेवंताने विचारलं. "हो म्हटलं का नाई म्हटलं?"

मी तिला हाताला धरून जिन्याकडे नेलं.

बाहेर झाडाखाली ताई आमची वाट पाहत उभ्या होत्या. जुने आमदार त्यांच्याजवळून जाताना म्हणाले, "लीलाबाई, आम्ही थांबलो होतो हो तुमच्यासाठी." त्यात राग होता. ताईंनी हात जोडले. "उपकार झाले तुमचे. तुम्ही नसते तं तो ‘समजा’ म्हटला नसता." आमदार चालता चालता थांबले, मागे वळून त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि मान हलवत निघून गेले.

बाया गोल करून उभ्या राहिल्या. शेवंता पुढे आली. ताईंच्या हाताखाली शिकलेली नव्हती ती, दुसऱ्या गावाहून आलेली सून. तिला धाक नव्हता.

"ताई, तुमी मागं घेतलं?"

"घेतलं."

"त्याले मी सांगून आली, आज कायदा होते म्हणून. तो भितीले टेकून वाट पाह्यत असन. त्याले का सांगू आता?"

"शेवंते, तुले नवा कायदा पाह्यजे, का जुना चालाले पाह्यजे?"

शेवंताने भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं.

"तुह्या नवऱ्याचा दावा कोणी हाकलला? ढवळेनं. का म्हणून? कायदा लागू नाई म्हणून. आज त्याच्या मंत्र्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, लागू हाय, आणि नाई म्हणते तो चुकला. बाई, मी ढवळेपुढं दहा वर्ष उभी राह्यली असती तरी तो हे म्हटला नसता. मंत्र्याले घरी जाऊन विचारलं असतं तं तोही म्हटला नसता. त्याले माह्यं बिल पाडाचं होतं म्हणून म्हटला."

तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला, आणि उजेडाबरोबर संतापही आला.

"म्हणून ते कलम काढलं तुम्ही," मी म्हणाले.

"ते असतं तं त्याले वाट भेटली असती. हे नवीन आहे, तपासून पाहू, समिती नेमू. तो समितीत गेला असता आणि मारोती मसणात. त्याच्यासाठी मी एकच दार उघडं ठेवलं. सदरा अंगातच हाय म्हणाचं."

"आणि मतदान झालं असतं तर?"

"मतदानाची घंटा वाजली असती तं त्याचे लोक धावत आले असते, आपण पडलो असतो. मंग ढवळेनं पेपरातली बातमी भिंतीले चिकटवली असती. पाहा, सभागृहानंच नाई म्हटलं."

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मी गावभर मतदान मतदान करत हिंडले. फणसेंना तोंडावर सांगितलं."

"तुले माहीत असतं तं फणसेले काय सांगितलं असतं?"

"तेच सांगितलं असतं."

"सांगितलं असतं, पण त्यानं ओळखलं असतं." ताई माझ्याजवळ आल्या. "तुह्या तोंडावर सगळं वाचता येते, करुणा. त्यानं वाचलं. आपण खरंच लढाले आलो असं त्याले पटलं. ते मले बोलून नसतं पटवता आलं."

मला ते आवडलं नाही. आजही पूर्ण आवडलेलं नाही. परतीच्या गाडीत मी ताईंशेजारी न बसता मागे बायांमध्ये जाऊन बसले. कुसुमने तिची भाकरी मोडून अर्धी मला दिली. शेवंता खिडकीबाहेर पाहत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याले सांगतो, मंत्री तुले हो म्हटला."

आश्वासन दिलं म्हणजे हाती पडलं असं नसतं. सरकारने सभागृहात दिलेल्या आश्वासनांचं काय झालं हे विचारणारी आमदारांची एक समिती असते. ताईंनी तिचा पिच्छा पुरवला. समितीने खात्याला विचारलं, खात्याने वेळ मागून घेतला, समितीने पुन्हा विचारलं. अखेर सगळ्या जिल्ह्यांना परिपत्रक निघालं की माणसं कितीही असली तरी पावडर गिरण्यांना भरपाईचा कायदा लागू आहे. तोवर होळी होऊन गेली होती आणि मारोतीही गेला होता.

तो गेला त्या दिवशी सकाळीच मी बेलपेठ्याला पोचले. अंगणात माणसं जमली होती आणि भांडण चाललं होतं. ताईंनी शवविच्छेदन करून घ्यायला सांगितलं होतं, म्हणजे छातीत काय आहे ते सरकारी डॉक्टरच्या हाताने लिहून येईल. मारोतीचा थोरला भाऊ शवापुढे आडवा उभा होता.

"आमच्यात चिरफाड करत नाई. त्याले जिता असताना का कमी हाल होते, तं आता फाडता?"

ताई मागे सरल्या. या बाबतीत त्या बोलू शकत नव्हत्या आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. शेवंता उंबऱ्यावर बसली होती. ती उठली, पदर खोचला.

"त्यानंच सांगून ठेवलं हाय," ती दिराला म्हणाली. "मले म्हटला, माह्या छातीतली गिरणी त्याहीले दाखव. दाखवाचं हाय मले."

दीर बाजूला झाला. गाडीत ती शवाशेजारी बसून गेली आणि परत येईपर्यंत तिने पाण्याला तोंड लावलं नाही.

कामगार न्यायालयात दावा दोन वर्षं चालला. मध्यंतरी निवडणूक झाली आणि ताई पडल्या. गिरणीवाल्यांनी जोर लावला होता, पण नुसता त्यांचाच जोर होता असं म्हणता येणार नाही. बाईंनी विधेयक मागे घेतलं, बाई विकल्या गेल्या, असं गावोगाव बोललं गेलं आणि बऱ्याच लोकांना ते पटलंही. ताईंनी एकाही सभेत त्याचा खुलासा केला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "दावा चालू हाय. आपला डाव आपणच सभेत सांगाचा का?"

शेवटच्या सुनावणीला ढवळे साक्षीला आले. गिरणीमालकांचे वकील चांदेकर यांनी त्यांना त्यांचंच जुनं पत्र दाखवलं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? कायदा लागू नाही म्हणून?"

"होय."

"सही तुमची?"

"माझीच."

"मग आज लागू आहे म्हणता. मधल्या काळात कायदा बदलला का?"

"नाही."

"गिरण्या बदलल्या?"

"नाही."

"मग बदललं काय, ढवळेसाहेब?"

ढवळेंनी कपाळ पुसलं. त्यांची नजर एकदा शेवंतावर गेली आणि परत आली. "माझं तेव्हाचं म्हणणं चूक होतं," ते म्हणाले. "मंत्रिमहोदयांनी तसं सभागृहात सांगितलं आहे. शासनाची भूमिका तीच आहे."

चांदेकरांनी हात पसरले, पण विचारायला पुढे काही उरलं नव्हतं. दुपारी निकाल लागला. मारोती नैताम याचा मृत्यू गिरणीतल्या धुळीने झालेल्या रोगाने झाला, कायदा लागू आहे, भरपाई मालकाने द्यावी. त्या जिल्ह्यात असा निकाल त्याआधी कोणाला मिळाला नव्हता.

मी बाहेर येऊन ताईंना फोन लावला. निकाल त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाल्या, "शेवंताले दे." शेवंताने फोन कानाला लावला, हूं हूं केलं, आणि "होय जी" म्हणून परत दिला. काय बोलल्या ते तिने सांगितलं नाही.

कुसुमही आली होती. ती व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली होती, शेजारी तिचा नवरा. गावाहून एवढा प्रवास करून त्याची मान गळून पडली होती आणि श्वासाचा आवाज इथपर्यंत येत होता. मला वाटलं, शेवंता दमली असेल, दोन वर्षांचं ओझं उतरलंय. मी शेवंताला म्हटलं, "चला, बसस्टँडवर सोडते. घरी जाऊन जरा पडा."

"घरी नाई," शेवंता म्हणाली. "ढवळेसाहेब हापिसात पोचले असन आता. तिकडं जाऊ."

"आज? कशाला?"

तिने व्हरांड्याच्या टोकाकडे मान केली.

"कुसुमचा नवरा अजून जिता हाय," ती म्हणाली. "त्याचं तो जिता हाय तोवर झालं पाह्यजे."

आणि मी फाईल बांधायच्या आत ती पायऱ्या उतरून चालू लागली होती.